शिंप्याच्या कमरेचं माप

मी एक जुनी टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात लोंबते ना, ती. कापडी, पिवळी, एका अंगाने साठ इंच आणि दुसऱ्या अंगाने दीडशे सेंटिमीटर. आता पिवळेपणा माझ्यात फारसा उरलेला नाही आणि पहिल्या चार इंचांवरचे आकडे हात लागून लागून पुसले आहेत. पण मित्रांनो, माझीही एक ऐट होती.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. आम्ही शेकड्यांनी गुंडाळून खोक्यात पडलो होतो. माझं खरं आयुष्य सुरू झालं १९८८ साली, रोह्याच्या बाजारात. गुणाजी नावाच्या सव्वीस वर्षांच्या शिंप्याने मला विकत घेतलं आणि तिथल्या तिथे गळ्यात घातलं. कुंडलिकेवरचा पूल ओलांडून तो अष्टमीला आला. तिथे त्याचं नवं दुकान होतं, एक मशीन, एक आरसा आणि कापड बेतायला एक लांब टेबल.

काय ते दिवस होते! कंपनीतल्या माणसांचे खाकी गणवेश, शाळेच्या चड्ड्या, लग्नातले सफारी. सकाळपासून मी कुणाच्या ना कुणाच्या छातीवर, खांद्यावर, कमरेवर. गुणाजीचे हात सुरेख होते. काजं करावीत तर त्यानेच, असं लोक म्हणायचे. आणि स्वभावाने मवाळ. एखाद्या गिऱ्हाइकाचं पोट सुटलेलं मला स्पष्ट दिसायचं, पण गुणाजी माप हळूच पुटपुटायचा आणि वर म्हणायचा, "मागची पँट आटली आसंल, कापडच तसला व्हता." गिऱ्हाईक खूश. मला हसू यायचं. कापड कसलं आटतंय!

पुढे त्याचं रंभाशी लग्न झालं. रंभा पेणजवळच्या खाडीकाठची. तिचं माहेर मिठागरात राबलेलं, त्यामुळे कष्टाला तयार आणि बोलण्यात रोखठोक. काजं आणि गुंड्या तिने वर्षभरात शिकून घेतल्या. दुपारी दोघं टेबलाशी बसून वालाचं बिरडं आणि भात खायची आणि मी आरशाच्या खिळ्यावर विसावा घ्यायची. मी सुखात होते.

गुणाजी चाळिशी ओलांडत होता तेव्हा त्याच्या कोपरांवर लाल चट्टे उठले. त्यांवर पांढरे पापुद्रे धरायचे आणि गळायचे. केसांतही तसंच. कुणी म्हणालं रक्त बिघडलंय, कुणी म्हणालं नदीचं पाणी बाधलं. त्याने स्वतःसाठी पूर्ण बाह्यांचे शर्ट शिवले. हा सोरायसिस आहे आणि तो कुणाला लागत नाही, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

मग एके दिवशी दाजी आले. पंधरा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, मुलाच्या लग्नाचा कोट शिवायचा होता. गुणाजीने मला त्यांच्या गळ्याभोवती घ्यायला हात उचलले तशी बाही मागे सरकली. दाजी एक पाऊल मागे झाले.

"गुणाजी, राग नको मानू," ते म्हणाले. "पण ती टेप माझे गळ्याला नको."

गुणाजीने बाही खाली ओढली. त्याने मला रंभाच्या हातात दिलं. मित्रांनो, मी निर्जीव वस्तू, पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मापं रंभा घेऊ लागली आणि गुणाजी मशीनला चिकटला. पुलावरून बाजारात जाणं त्याने सोडलं. धागे, अस्तर, सगळं रंभा आणायची. पायाच्या मशीनला मोटर बसवली, म्हणजे पायही हलेनात. त्यातच बोटं सुजू लागली. मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत फुगलं. सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात अंगुस्तान, म्हणजे धातूची टोपी, घालतात, त्यावर असतात तसे बारीक खड्डे त्याच्या नखांवर पडले. सकाळी तास तास मूठ वळायची नाही. त्याला वाटलं, चट्टे वेगळे आणि बोटं वेगळी. चट्ट्यांना मलम, बोटांना कुणीतरी दिलेल्या पुड्या. पुड्यांनी बरं वाटायचं, भूकही दणकून लागायची.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. चांगला शिंपी पँटच्या मागच्या शिवणीत थोडं जास्तीचं कापड ठेवतो. माणूस भरला की शिवण उसवायची आणि सैल करायची. गुणाजी तर दोन दोन इंच ठेवायचा. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, शिंपी स्वतःचं माप कधी घेत नाही. त्याला ते पाठ असतं. गुणाजीला पाठ होतं, कंबर चौतीस.

पण दर दिवाळीला, तो झोपलेला असला की, रंभा त्याच्या पँटी काढायची, शिवण उसवायची आणि अर्धा-पाऊण इंच सैल करून ठेवायची. कापड संपलं तेव्हा तिने मागे नवा तुकडा जोडला, तोही इतका बेमालूम की त्याला कळू नये. मी खिळ्यावरून सगळं बघत होते. मला कुणी विचारलं नाही आणि मला बोलता येत नाही.

सन २०१४च्या उन्हाळ्यात गुणाजीच्या हातून कात्री पडली. उचलायला गेला तर बोटं मिटेनात. तो टेबलाला धरून उभा राहिला आणि रडला. हात गेले तर शिंपी कसला? रंभाचा भाऊ हिरामण डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. त्याने फोनवर सांगितलं, पेणला गुरुवारी सांध्यांच्या डॉक्टरीण बाई येतात. दोघं एसटीने निघाली. घाईत गुणाजी मला गळ्यातून काढायला विसरला, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

बाईंनी बोटं पाहिली, नखं पाहिली, कोपरं पाहिली. रक्तदाब घेतला आणि भुवया वर गेल्या. मग विचारलं, "कमरेचं माप किती?"

"चौतीस," गुणाजी ताबडतोब म्हणाला. "मी शिंपीच हाय, बाई."

बाईंनी त्याच्या पोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "टेप आणलीच आहे, तर बघू या." त्यांनी मला त्याच्या बेंबीवरून घेतलं, पण मागे मी तिरकी झाले. गुणाजीला राहवेना. "अशी नाय बाई, मागं सरळ पायजे." त्याने स्वतः मला नीट केलं आणि आकडा वाचायला मान खाली घातली. मग थोडं ओढून वाचला. मग श्वास आत घेऊन वाचला. मी काय करणार? एकेचाळीस होते, एकेचाळीसच दाखवले.

"पँट तर बसत्ये बरोबर," तो पुटपुटला.

रंभाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मीच सैल करीत व्हते. धा वर्सं. लोकं तुमाला हात लावू देत नव्हती, त्यात मी आनखी पोट वाढलं म्हणून कुठं सांगू?"

गुणाजीने तिच्याकडे बघितलं. रागावला नाही. नुसता खुर्चीत बसला.

बाईंनी शांतपणे समजावलं. चट्टे आणि बोटं हा एकच आजार आहे, सोरायसिसचाच संधिवात. शरीरात आतून दाह चालू असतो. अशा माणसांत साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी वाढण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसतं. पोट वाढलं की सांधे जास्त दुखतात, औषध कमी लागू पडतं, आणि हृदयावर ताण येतो तो वेगळाच. "बोटांसाठी आलात, बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या हृदयाकडे कुणीच बघितलेलं नाही. रक्त तपासू. आणि तुम्ही सांगितलेल्या त्या पुड्यांत स्टेरॉइड असावं, भूक आणि साखर त्यानेही वाढते. त्या माझ्याकडे आणा, एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू सोडवू."

तपासणीत साखर निघाली, चरबीही निघाली. औषधं सुरू झाली. रंभाने भाताचं वाढणं निम्म्यावर आणलं आणि बिरडं मात्र पोटभर दिलं. बाईंच्या सांगण्यावरून गुणाजीला रोज चालत पूल ओलांडून रोह्याला जायचं आणि परत यायचं होतं. पहिल्या दिवशी तो अर्ध्या पुलावरून परतला, गुडघ्यांमुळे नव्हे, लोकांच्या नजरेमुळे. दुसऱ्या दिवशी रंभा दुकानाला कुलूप लावून बरोबर निघाली. "बघूंदे कोण बघतंय ते," ती मोठ्याने म्हणाली आणि त्याचा सुजलेला हात हातात धरून चालली.

दर महिन्याच्या एक तारखेला माझं काम असायचं. चाळीस. एकोणचाळीस. दोन महिने तिथेच. बोटांची सूज उतरली, मूठ वळू लागली, एक बोट तेवढं वाकडंच राहिलं. वर्षाने मी अडतीस दाखवले आणि रंभाने टाळ्या वाजवल्या.

गुणाजी मात्र मला हातात घेऊन बघत राहिला. मग त्याने मला कापड मोजायच्या लोखंडी पट्टीवर ताणून धरलं. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात कठीण क्षण. सत्तावीस वर्षं ओढून ओढून मी लांबले होते. माझे अडतीस खरे अडतीस नव्हते, पाऊण इंच जास्त होते. मला त्याचा पत्ताही नव्हता.

"जाऊ द्या ना," रंभा म्हणाली. "अडतीसच धरा. येवढी मेहनत केलीत."

"नको गो," गुणाजी म्हणाला. त्याने कागदावर पावणेएकोणचाळीस लिहिलं, चपला घातल्या आणि पुलाच्या दिशेने निघाला.

दुसऱ्या दिवशी नवी टेप आली. मी आता टेबलाच्या खणात असते आणि मला त्याचं दुःख आहे, ते लपवत नाही. पण एक मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारात कुणाच्या अंगावर असे चट्टे असतील, बोटं सुजत असतील, तर लांब सरकू नका, त्यांचा हात धरा. चार पावलं त्यांच्याबरोबर चाला. त्यांची साखर, रक्तदाब आणि कंबर बघायला डॉक्टरांना सांगा. आणि आकडा वाईट आला तरी त्यांना खरा सांगा, अगदी प्रेमाने, पण खरा. रंभा आता तसाच सांगते. गेल्या एक तारखेला तिने नवी टेप त्याच्या कमरेभोवती धरली आणि खणातून मला तिचा आवाज ऐकू आला, "साडेसदतीस हायत. व्हय, खरे."