दुसऱ्या फेरीचे प्रेक्षक

ज्या लढतीत अपेक्षा सपाटून मार खाऊन हरली, त्याच लढतीनं तिचं नाव झालं.

तोवर मुलींच्या बॉक्सिंगची ही लीग एका मराठी वाहिनीवर रविवारी सकाळी लागायची. त्या वेळेला घरोघरी मटणाला फोडणी पडलेली असते, टीव्हीसमोर कोण बसतंय? मग वाहिनीनं ती उचलून शुक्रवारी रात्री साडेनऊला आणली. सांगलीतल्या एका मोठ्या हॉलमध्ये लढती व्हायच्या आणि तिथूनच थेट दाखवल्या जायच्या. अपेक्षा मूळची म्हसवडकडची, धनगराची पोर. साताऱ्यात नाथाजी उस्तादांकडं शिकायची. उस्ताद फौजेतनं सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, तरुणपणी पलटणीचे बॉक्सर. एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये त्यांनी रिंग उभी केली होती आणि मुलींना तिथंच राहायला खोल्या काढल्या होत्या.

त्या शुक्रवारी पहिल्या फेरीत अपेक्षानं झकास मारलं. दुसऱ्या फेरीत मात्र समोरच्या मुलीचा उजवा ठोसा तिच्या नाकावर बसला. ती पडली. उठली. परत पडली, परत उठली. बनियनवर रक्ताचा ओघळ, डोळा बंद व्हायला आलेला, तरी शेवटची घंटा होईपर्यंत ती उभी होती. गुणांवर हरली. साताऱ्याला परतताना गाडीत तिनं तोंडावर ओढणी घेतली आणि म्हणाली, "उस्ताद, माज्या जागी दुसरीला घ्या. माजं काय खरं न्हाई."

पुढच्या गुरुवारी वाहिनीच्या कार्यक्रमांचं काम बघणारे धैर्यशील साहेब स्वतः गाडी काढून साताऱ्याला आले. दर गुरुवारी गेल्या आठवड्याचे आकडे यायचे, कुठल्या मिनिटाला किती लोक बघत होते त्याचे. त्यांनी शेडमधल्या बाकावर लॅपटॉप उघडला आणि अपेक्षाला शेजारी बसवलं.

"ही रेघ बघ. इथे तू पडलीस." रेघ टेकाडासारखी वर चढली होती. "इथे उठलीस. आणखी वर. आणि इथे परत पडलीस तेव्हा तर, अगं, या वेळेला आमच्या वाहिनीला एवढे लोक कधीच मिळाले नव्हते!"

अपेक्षानं रेघेकडं बघितलं. "आन् मी मारलेलं कुटं हाय?"

त्यांचं बोट मागं मागं सरकत सुरुवातीच्या सपाट भागावर आलं. "ते पहिल्या फेरीत ना? तेव्हा शेजारच्या वाहिनीवर ती सासूची मालिका चालू असते. ती दहाच्या पुढे संपते. संपली की लोक इकडे वळतात, तोवर आपल्या शेवटच्या लढतीची दुसरी फेरी लागलेली असते. पहिली फेरी कोण बघतच नाही."

तिला हसू आलं. आपला सगळ्यात चांगला ठोसा सासूच्या मालिकेत वाया गेला, असं ती रात्री पोरींना सांगत होती. तेव्हा तिला त्यात दुसरं काही दिसलं नाही. त्याच आठवड्यात तिनं वाहिनीच्या दोन वर्षांच्या करारावर सही केली.

मग दर शुक्रवारची शेवटची लढत अपेक्षाची ठरली. डोक्यावरचा संरक्षक टोप आधी गेला, कारण त्यानं चेहरा दिसत नाही. मग समोरच्या मुली थोराड यायला लागल्या. वजनात बसत नसली तर वजन करणारा दुसरीकडं बघायचा. आणि एक दिवस धैर्यशील साहेब उस्तादांना बाजूला घेऊन बोलले. अपेक्षा दोरीवरच्या उड्या मारत होती, तिला सगळं ऐकू आलं.

"हरायला मी कुणालाच सांगणार नाही, सुभेदार साहेब. ते पाप मी करणार नाही. फक्त पहिल्या फेरीत संपवू नका. लोक येईपर्यंत दम धरा एवढंच."

शेडचं भाडं तेव्हा वाहिनीच भरत होती, पोरींचे हातमोजे तिथूनच यायचे.

पावसाळा सरता सरता कोल्हापूरच्या एका मुलीशी लढत होती. पहिल्याच फेरीत अपेक्षाचा डावा तिच्या हनुवटीखाली असा बसला, की मुलीचे गुडघे लटपटले, हात खाली आले. आता एकच उजवा द्यायचा की खेळ खलास. अपेक्षानं खांदा मागं घेतला आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब!"

उस्तादांचाच आवाज. त्या आवाजावर ती इतकी वर्षं धावत होती, थांबत होती, जेवत होती, झोपत होती. अंगानं विचार करायच्या आधीच ऐकलं. ती एक पाऊल मागं सरली. तेवढ्यात त्या मुलीनं भेलकांडत हात फिरवला तो सरळ अपेक्षाच्या डाव्या कानावर. कानात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि मग हॉलमधला सगळा गोंगाट एकाच बाजूनं यायला लागला.

तरी ती जिंकली, तिसऱ्या फेरीत. गाडीत उस्ताद तिच्या डाव्या बाजूला बसले होते. ते काहीतरी म्हणाले. तिला ऐकू आलं नाही, आणि तिनं पुन्हा विचारलंही नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी कानात बघून सांगितलं, "पडदा फाटलाय. भरून येईल, पण तीन महिने डोक्याला धक्का नको. आत्ता पुन्हा मार बसला तर हा कान विसरायचा."

तिनं तो कागद धैर्यशील साहेबांना पाठवला. त्यांचा फोन आला, आवाज अगदी मायेचा. "बाळ, मला काळजी आहेच. पण दिवाळीच्या आधीचा शुक्रवार आहे. सगळ्या जाहिराती तुझ्या लढतीवर लागल्यात. आमच्या डॉक्टरांनी तुला चालेल म्हणून सांगितलंय. तेवढी एक कर, मग बघू."

"आन् न्हाई केली तर?"

"तर मी काय करणार? करार आहे. तो संपेपर्यंत तुला दुसरीकडे कुठेही लढता येणार नाही. राज्याच्या निवडीलासुद्धा नाही. विचार कर."

ती दोन दिवस घरी गेली. एस.टी.तून उतरल्यावर चौकातच तिचा फोटो दिसला, माणसाएवढा, नाकातून रक्त आलेला. बिरदेव नावाच्या मोबाईलवाल्यानं हौसेनं लावलेला. दर शुक्रवारी तिथं पडदा बांधून सगळं गाव लढत बघायचं. तिचे वडील, धुळा, पुढच्या रांगेत बसायचे. मेंढरांमागं जन्म गेलेला माणूस, आता त्याला लोक हाक मारून खुर्ची द्यायचे.

"आमी येवडी मानसं बघतो म्हनून तुजा कार्येक्रम चालतोय बग," धुळा म्हणाले. "एकबी जन हलत न्हाई शेवटपतोर."

अपेक्षाला खरं ठाऊक होतं. साहेबांनीच एकदा सांगितलं होतं, की आकडे निवडक घरांतून येतात, ज्यांच्या टीव्हीला तो डबा बसवलेला असतो. चौकातला पडदा कुणी मोजत नाही. गाव रात्रभर बसलं काय आणि झोपलं काय, त्या रेघेला काही फरक पडत नव्हता. वडिलांना हे सांगायला तिची जीभ उचलली नाही.

"आबा, कानाला लागलंय. डाक्टर नगं म्हंत्यात."

धुळांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "दिवाळीची तेवडी हून जाऊ दे की. पावनंबी यायचं हायती लढत बगायला."

आई, हरणाबाई, चुलीपुढं बसली होती. जेवणं झाल्यावर ती अपेक्षाच्या उजव्या बाजूला येऊन बसली. एवढ्या जणांत तिलाच कळलं होतं, की पोर हाक मारली की कुठल्या बाजूला वळते.

"मी कवाच बगितलं न्हाई तुजं," हरणाबाई म्हणाली. "समदी चौकात गेली की मी मेंढरांत जाऊन बसती. टाळ्या पडल्या की समजती, पोरगी पडली."

अपेक्षा चमकली. "जिंकल्यावर पडत न्हाईत व्हय टाळ्या?"

"पडत्यात की. पन त्या येगळ्या. एवड्या मोट्या न्हाईत."

त्या रात्री अपेक्षाला झोप लागली नाही. डावा कान उशीवर टेकवता येत नव्हता आणि उजव्या कुशीवर झोपलं की सगळं जग मुकं व्हायचं.

दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी सांगलीचा हॉल खचाखच भरला होता. समोर होती शिवांजली, पलूसची, उसाच्या बागायतदाराची मुलगी. वयानं लहान, पण हाडापेरानं अपेक्षाच्या दीडपट. चांगली पोर होती. कपडे बदलताना तिनं अपेक्षाच्या पायाला हात लावला होता. "ताई, मी तुमचं बघूनच शिकले."

पहिली फेरी सुरू झाली. अपेक्षानं ठरवलं होतं, ही एक फेरी आपली. कुणी बघत नाही ना, मग आपण आपल्यासाठी लढायचं. ती पायांवर तरंगत राहिली. शिवांजलीचे घणासारखे हात हवेतून जात होते आणि अपेक्षाचा डावा परत परत तिच्या कपाळावर टकटक करून येत होता. एकही ठोसा तिनं डोक्याला लागू दिला नाही. पंचांपैकी एका म्हाताऱ्या गृहस्थानं लिहायचं थांबवून नुसतं बघितलं. घंटा झाली तेव्हा तिला कळलं, आपण आयुष्यात याहून चांगली फेरी लढलेलो नाही.

ती कोपऱ्यात स्टुलावर बसली. उस्तादांनी तोंडावर पाणी मारलं. उजव्या कानाशी वाकून म्हणाले, "लय भारी. आता जरा सांभाळून."

जाहिराती चालल्या होत्या. रिंगखाली उभ्या असलेल्या वाहिनीच्या बाईनं बोटांनी खूण केली, येतोय परत. तिकडं सासूची मालिका संपत असणार, घराघरांतून हात रिमोटकडं जात असणार. घंटा झाली. शिवांजली मध्यभागी आली. उस्तादांनी स्टूल काढून घ्यायला हात घातला.

"ऊट."

"न्हाई उस्ताद."

त्यांना वाटलं, तिला ऐकू आलं नाही. "अपेक्षा, घंटा झाली. ऊट!"

"ऐकली मी. न्हाई उटायची."

पंच जवळ आला. कॅमेरा दोरांतून आत घुसला, तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर. हॉलमध्ये आधी शिट्ट्या, मग 'ऊठ, ऊठ' असा एकच घोष. तीच हाक, जिच्यावर ती आजवर प्रत्येक वेळी उठली होती. पाय आपोआप ताणले गेले, म्हणून तिनं हातमोजे गुडघ्यांवर दाबून धरले. उस्तादांचा हात अजून स्टुलावर होता. तिनं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी हात काढला, सरळ उभे राहिले आणि पंचाला म्हणाले, "माझी मुलगी लढणार नाही. तिचा कान फाटलाय, आणि तो माझ्यामुळे फाटलाय."

त्या शुक्रवारी मालिका संपवून आलेल्या लोकांना फक्त स्टुलावर बसलेली एक मुलगी दिसली. न पडलेली, न रडणारी. थोडा वेळ त्यांनी बघितलं असेल, मग दुसरीकडं गेले.

धैर्यशील साहेब ओरडले नाहीत. "ठीक आहे," एवढंच म्हणाले. "करार आहेच." त्यांनी करार मोडला नाही, हेच वाईट होतं. त्यांनी तिला लढत दिली नाही आणि सोडलंही नाही. राज्याच्या निवडीला अर्ज केला तर करार आडवा आला. शेडचं भाडं वाहिनीनं बंद केलं. उस्तादांनी रिंग उचलून ओळखीच्या एका माजी सैनिकाच्या गोठ्याशेजारी मोकळ्यावर मांडली. म्हसवडच्या चौकातला फोटो उतरला. धुळांनी दोन महिने तिच्याशी बोलणं टाकलं. आईचा मात्र रोज फोन यायचा, आणि कानाचं विचारून झालं की ती मेंढरांचं सांगत बसायची. कान भरत आला.

शुक्रवारची शेवटची लढत शिवांजलीला मिळाली. पहिल्यांदा ती पडली तेव्हा अपेक्षा साताऱ्यातल्या एका हॉटेलात चहा पीत होती. भिंतीवरच्या टीव्हीसमोर माणसं उभी राहिली आणि टाळ्या पडल्या. आईनं सांगितलेल्या, मोठ्या. अपेक्षानं पेला तसाच ठेवला आणि बाहेर येऊन शिवांजलीला फोन लावला. लागेपर्यंत बराच उशीर झाला. तिनं सगळं सांगितलं, रेघ, मालिका, पहिली फेरी, कान.

"ताई, तुम्हाला मिळालं तेव्हा तुम्ही घेतलंत," शिवांजली म्हणाली. "आता मला मिळालंय तर का पोटात दुखतंय?" आणि फोन ठेवला.

उन्हाळ्यात तिचाच फोन आला. आवाज जड होता. डोकं सारखं दुखतं म्हणाली, उजेड सहन होत नाही.

"ताई, तुम्ही स्टुलावर बसलात ना, तेव्हा काय वाटलं?"

"भ्या वाटलं. अजूनबी वाटतंय."

"मग कसं बसलात?"

"ते मला बी कळलं न्हाई गं. तू डाक्टरला दाकव आदी. मी येती तुज्यासंगं मिरजेला, उद्याच येती."

"या शुक्रवारी नको. लागलंय सगळं. पुढच्या शुक्रवारी नाही म्हणते मी."

पुढच्या शुक्रवारी तिनं तेच सांगितलं, आणि त्याच्या पुढच्याही. अपेक्षा दर वेळी तिला मिरजेला न्यायला म्हणून पिशवी भरते, सांगलीची एस.टी. पकडते आणि हॉलच्या मागच्या दारापाशी उभी राहते. वाहिनीच्या हुकमानं तिला आत सोडत नाहीत. आतून पहिल्या फेरीची घंटा ऐकू येते, दोन्ही कानांनी. ती फाटकातल्या माणसाला परत एकदा सांगते, शिवांजलीला निरोप द्या, ताई आलीय म्हणून, आणि ताई बाहेर थांबलीय.