धरू नका, घ्या

मी खुर्ची बोलतेय. दचकू नका, माझ्यासाठी कुणी पक्ष बदलत नाही. साधी निळी, प्लॅस्टिकची, दोन हातांची खुर्ची आहे मी. साच्यातून गरमागरम बाहेर पडले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या मंगल कार्यालयात जाईन, रोज जिलबीचा वास घेईन. नशिबी आलं ते देवळाली प्रवरेच्या पलीकडचं, उसाच्या फडांमधलं एक आरोग्य उपकेंद्र. इथे वास फक्त स्पिरिटचा.

लस टोचायला आणलेल्या बाळांच्या आयांना बसता यावं, म्हणून मला आणलं होतं. पण माणसं मोठी हुशार. त्यांनी माझ्यावर लशीचा डबा बसवला, पिशव्या बसवल्या, हेल्मेट बसवलं. एकदा एक भोपळासुद्धा आरामात बसून गेला. आई मात्र उभी, आणि बाळ गार लोखंडी टेबलावर उताणं.

भिंतीवर पाटी होती, 'बाळाला घट्ट धरा.' आमच्याकडची माणसं एरवी 'थुंकू नका' वाचत नाहीत, पण ही पाटी त्यांनी मनापासून पाळली. आजी मान धरायची, मावशी हात धरायची, आई पाय धरायची. मेंढी कातरायला धरतात तसं. एवढंसं बाळ आणि त्याच्यावर सगळं घर वाकलेलं. मग एकमेकींना विचारायच्या, "एवढं का रडतंय गं?" खरंच, का बरं रडत असेल?

समजूत काढण्यातही कुणी मागे नाही. "काई झालं न्हाई, मुंगी चावली." मुंगी बिचारी फुकट बदनाम. "गडी असून रडतोस व्हय?" गडी दीड महिन्याचा! शेवटी "हाऽत, टेबलाला हाण," म्हणून टेबलाला चापट. आणि बापांना नेमका सुईच्या वेळीच महत्त्वाचा फोन येतो. ही सोय कोणती कंपनी देते, मला अजून कळलेलं नाही.

नोहा नावाच्या बाळालाही असंच आणलं होतं, दीड महिन्याचा असताना. त्याची आजी रतनबाई सुनेला सांगत होती, "दाब, आराधना, दाब! तुझ्या हातात जीवच न्हाई." आराधनाने त्याचे पाय दाबून धरले. रडता रडता त्याचा आवाजच बसला. आराधना रडली नाही. जाताना स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिली, एवढं मी पाहिलं.

अडीच महिन्यांच्या लशीला नोहा आलाच नाही.

तोवर इथे नवीन सिस्टर आल्या होत्या, नीलांबरी नावाच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्यावरचं सगळं सामान उतरवून मला पुसलं. मला वाटलं, आता भंगारात जाणार.

पुढच्या लशीच्या दिवशी रतनबाई सकाळी एकटीच आली. "सून न्हाई म्हणती, सिस्टर. म्हणती, माज्याच हातानं माज्या लेकराला दाबलं. आता काई झालं तरी त्या टेबलापाशी जानार न्हाई."

"अहो, घटसर्प आहे, डांग्या खोकला आहे. लस राहून चालणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "तिला सांगा, आता बाळाला धरायचं नाही. घ्यायचं."

"धरायचं न्हाई, घ्यायचं? मंजी?"

"घेऊन या, दाखवते."

रतनबाई गेली आणि सिस्टरनी पाटीवरच्या 'घट्ट धरा'वर कागद चिकटवला, 'कुशीत घ्या.'

दुपारी ते आले. आराधना दारातच थबकली. तिचा नवरा दानीएल सवयीने मोबाईल कानाला लावून मागे सरकू लागला.

"तुम्हाला फोन आलेला नाही," सिस्टर म्हणाल्या. "आत या. त्याच्याशी बोला. आराधना, टेबलाकडे बघू नकोस, इथे बस. आधी त्याला अंगावर घे. चांगला ओढायला लागला की मग मी सुई देते. मधे थांबायचं नाही, पाजत राहायचं."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा एक आई माझ्यावर बसली. बाळाला घेऊन ती इतकी पुढेमागे झुलत होती की माझे पाय फरशीवर वाजायला लागले.

रतनबाईने बाह्या सारल्या. "मी पाय धरते."

"आजी, धरायचं नाही."

"मग मी काय करू? नुसती हुबी राहू?"

"धरायचंच असेल तर तुमचा पदर धरा. सुनेला आडोसा होईल."

रतनबाईने पदर असा ताणून धरला, की जणू पलीकडे सगळं गाव उभं आहे. दानीएल बाळाजवळ वाकला. तो म्हणाला, "नोहा, आपल्या उसाला तुरा आलाय बरं का." बापाचा आवाज ऐकून नोहाने डोळे वळवले. दूध सोडलं नाही. तेवढ्यात मांडीत सुई गेली.

तो ओरडला. खोटं कशाला सांगू, दुखतंच. पण एकदाच ओरडला, आईकडे बघितलं आणि पुन्हा दूध शोधू लागला. आराधनाचा तळवा त्याच्या पाठीवरून फिरत होता. माझे पाय वाजायचे थांबले.

"झालं? यवढंच?" रतनबाईचा आवाज जरा हिरमुसलेला. तयारी करून आली होती बिचारी. काहीतरी केलं पाहिजे, म्हणून तिने वाकून मलाच एक सणसणीत चापट मारली. "हाऽत गं खुर्चे! माज्या नोहाला रडवतीस!"

आराधना हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता माझा एक पाय तडकलाय, तारेने बांधलाय. पण आणखी पुष्कळ आया बसतील, तेवढा दम आहे. तुम्ही आलात तर पिशव्या खाली ठेवा. भोपळासुद्धा खालीच ठेवा, त्याला काही दुखत नाही. आणि कुणाला तरी हाणल्याशिवाय तुमच्या घराला चैनच पडत नसेल, तर मी आहे. मला सवय झालीय.