पालकांना विचारा

माझ्या पोरीच्या टॅबने मला सांगितलं की दहा वर्षांच्या लेकरांनी बघावा असा मी माणूस नाही. शब्द त्याचे जरा सभ्य होते: 'हा व्हिडिओ तुमच्या वयासाठी योग्य नाही.' पण त्या व्हिडिओत मीच होतो, तेव्हा अर्थ तोच.

मी कुलदीप. पावसाळ्यात कुरखेड्याजवळच्या आमच्या गावात बांधीत धान लावतो आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक असतो. सोळा वर्षं झाली. नायक आले आणि गेले, नायिका मामी झाल्या, वडशाच्या नाटक कंपन्या फुटल्या आणि पुन्हा जुळल्या, पण भर स्टेजवर वहिनीला घराबाहेर काढायचं असेल तर अजून मलाच बोलावतात. कुरखेड्याच्या बाजारात एकीने मला वांगी द्यायला चक्क नकार दिला होता. "वयनीचे हाल करते अन् वांगे मांगते!" म्हणाली. मी रिकामी पिशवी घेऊन घरी आलो आणि दोन दिवस फुशारकी मारली. आमच्या धंद्यात याहून मोठा सत्कार नाही.

टॅब पाचवीतल्या दिव्यानीसाठी घेतला. माझी बायको करिष्मा आशा वर्कर आहे. गावातल्या तमाम पोरांची वजनं, लसी आणि पोटातले जंत तिच्या ताब्यात, मग स्वतःच्या पोरीचा टॅब ती मोकळा कशी सोडेल? मुखरूभाऊच्या मोबाइल दुकानात बसून तिने सगळं बांधून घेतलं. दिवसाला एक तास. वय दहा. अडवलेलं काही बघायचं असेल तर 'पालकांना विचारा' असं बटण, ते दाबलं की फोनवर विनंती येणार.

"पालक म्हणून दोघायचा नंबर टाकू का?" मुखरूभाऊने विचारलं.

"एकच टाका," करिष्मा म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

मी चहा पीत राहिलो. खरं तर सुटल्यासारखं वाटलं. लोकांना छळायचं काम मी स्टेजवर इतकं करतो की घरी त्याचा कंटाळा येतो.

घोळ झाला तो दिव्यानीच्या वहीमुळे. निबंध होता 'माझे वडील'. मी कौतुकाने उघडला. 'माझे वडील धान पिकवतात. ते खूप मेहनती आहेत. त्यांना मिरचीचा ठेचा आवडतो. आमच्याकडे दोन बैल आहेत.' पुढे दोन्ही बैलांची नावं, त्यांचे रंग, त्यांच्या खोड्या. नाटकाबद्दल एक अक्षर नाही.

"बैल आले, नाटक काऊन नाई आलं?" मी विचारलं.

"असंच," ती म्हणाली आणि वही ओढून घेऊन निघून गेली.

मला फार लागलं. अख्खा तालुका मला शिव्या घालतो आणि माझ्या पोरीला मी नाटकवाला असल्याची लाज वाटते?

तिने माझं काम एकदाच पाहिलं होतं. पोरं पहिल्या अंकात गोंधळ घालतात, दुसऱ्यात झोपतात, आणि माझा खरा पराक्रम तिसऱ्या अंकात. पण चार वर्षांची असताना एकदा ती नेमकी जागी राहिली. मी वहिनीला केस धरून ओढत आणली, मागोमाग नायक आला आणि त्याने कुऱ्हाडीने माझा निकाल लावला. दिव्यानीने असा हंबरडा फोडला की करिष्माला तिला उचलून बाहेर न्यावं लागलं. पुढचे आठ दिवस ती माझ्याजवळ बसली नाही. लांबून टक लावून बघायची, मधेच धावत यायची, माझ्या दंडात बोट खुपसायची आणि पळून जायची. बाप राक्षस निघाला म्हणून पोट्टी घाबरली, असं सगळे म्हणाले. तेव्हापासून करिष्माने तिला नाटकाला नेलंच नाही.

आता ती दहा वर्षांची. आता कळेल, मला वाटलं. कोणीतरी आमच्या 'दारूच्या बाटलीत बुडालं माहेर' या नाटकाचे तीन तुकडे करून यूट्यूबवर टाकले होते. शनिवारी दुपारी दिव्यानी शेजारी खेळायला गेली, तेव्हा मी टॅबवर तिसरा भाग तयार ठेवायला गेलो. आणि टॅबने मला वर सांगितलं ते ऐकवलं.

चार आकडी पिन मागत होता. मी दिव्यानीची जन्मतारीख टाकली. नाही. मग आमच्या लग्नाची तारीख टाकली. तीही नाही. पिन चुकला की तारीख, ते मला अजून माहीत नाही आणि विचारायची हिंमत नाही. शेवटी 'पालकांना विचारा' दाबलं. दोन मिनिटांत उत्तर आलं: नाकारलं. पुन्हा दाबलं. नाकारलं. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा माझा फोन वाजला.

"त्या पोट्टीले द्या फोन," करिष्मा म्हणाली. ती कुरखेड्याला मीटिंगमध्ये होती. "कवापासून इनंत्या पाठवून राह्यली, काय पाह्याचं हाय तिले?"

"दिव्यानी नाई. मी पाठवून राह्यलो."

"तुमी?"

"मलेच पाह्याचा हाय माझा नाटक."

तिने फोनवर हात ठेवला, पण ठेवायच्या आधी मीटिंगमधल्या बायांचं हसू मला नीट ऐकू आलं.

संध्याकाळी ती आली ती कंबर बांधूनच.

"आठ दिवस लेकरू तुमच्याजवळ आलं नोतं. इसरले?"

"तवा चार वर्षाची होती. आता समजते तिले."

"अन् नाई समजलं तं? मंग म्हातारे होईपर्यंत बसा, पोट्टी जवळ येत नाई म्हणत."

मलाही तीच भीती होती. सोळा वर्षांत लोकांनी माझ्यावर चपला फेकल्या, त्या मी जपून ठेवल्या. पण हिने तोंड फिरवलं तर तो खलनायक मी चुलीत घालणार होतो, आणि स्टेजवर मला दुसरं काही येत नाही.

"एकदा दाखव," मी म्हणालो. "मंग तू म्हणशीन तसं."

करिष्माने फोन काढला आणि परवानगीचं बटण दाबलं.

आम्ही तिघं खाटेवर बसलो, दिव्यानी मधे. पडद्यावर मी मिशा पिळत आलो, दारू प्यायलो, सातबारा फाडला. दिव्यानी बघत होती. वहिनीच्या केसांना हात घातला तसा मी घाईघाईने व्हिडिओ थांबवला.

"हे पाहा बेटा, वयनी झालेल्या नीलाबाईनं माझं मनगट धरलं हाय. मी ओढतच नाई, तेच मले ओढते."

"माहीत हाय मले," दिव्यानी म्हणाली. "नीलामावशी जेवाले आली होती तवाच तिनं सांगतलं. तिचे केस बी खोटे हायेत. लावा पुढं."

मी आणि करिष्माने एकमेकांकडे पाहिलं. मग भीती कसली होती?

बावन्नाव्या मिनिटाला नायकाने कुऱ्हाड उचलली. मी झकास मेलो, तीन गिरक्या घेऊन. मंडपात शिट्ट्या, आरोळ्या, टाळ्यांचा कडकडाट. दिव्यानीने तोंड फिरवलं. टॅबकडे न बघता तिने माझ्या दंडात बोट खुपसलं, आणि या वेळी ती पळाली नाही.

"बाबा, तुमी मरता तवा सारे टाळ्या काऊन वाजवतेत?"

मी तिला धंद्यातली गोष्ट समजावली. खलनायक मेल्यावर टाळ्या पडल्या तर त्या खलनायकाच्याच असतात, काम जमलं असा त्याचा अर्थ.

"तरी बी," ती म्हणाली. "कोणीच रडत नाई. त्या दिवशी माय बी टाळ्या वाजवून राह्यली होती."

करिष्मा खाटेवरून उठली आणि पुन्हा बसली.

"निबंधात लिवलं असतं तं मॅडमनं साऱ्यायले सांगतलं असतं," दिव्यानी म्हणाली. "मंग वर्गातले पोट्टे बी तुमाले पाह्याले गेले असते. अन् तेयनं बी वाजवल्या असत्या."

सहा वर्षं मी समजत होतो की ती मला घाबरते. पोर बोट लावून बघत होती, बाप जिवंत आहे की नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. खलनायकाला रडायचा चान्स रोज मिळत नाही.

"बाकीचा आवडला का?" मी विचारलं.

"आवडला. तुमचं हसणं लय भारी हाय. पण मराचा भाग नको."

व्हिडिओचा तेवढाच तुकडा अडवायची सोय टॅबमध्ये नाही, मी मुखरूभाऊला फोन करून विचारलं. करिष्माने कोणालाच विचारलं नाही. फोन घेतला, पिन टाकला आणि दिवसाचा एक तास कमी करून पन्नास मिनिटं केला.

आता दिव्यानी शाळेतून आली की कधी कधी तिसरा भाग पहिल्यापासून लावते. मी दारू पितो, सातबारा फाडतो, वहिनीला ओढत आणतो, गडगडाटी हसतो. नायक दारात येतो, आणि तो कुऱ्हाडीला हात घालायच्या आत टॅब काळा होतो: 'आजची वेळ संपली.'

यंदाच्या हंगामात मी बाहेर साठ वेळा मेलो. घरी एकदाही नाही.