धम्मपालचे मैल

धम्मपाल गेल्याचा फोन आला तेव्हा सुखराम वारासिवनीला राइस मिलवर तांदूळ घ्यायला गेला होता. फोन मुलीचा, रीनाचा होता. ती एवढंच म्हणाली, "बाबा, घरी या. दादाचं काही ठीक नाही." सुखरामनं पोतं तिथंच टाकलं आणि बालाघाटची बस धरली. घरासमोर वॉर्डातली माणसं गोळा झालेली दिसली, तेव्हा कोणी काही सांगायची गरज उरली नाही.

धम्मपाल चिलीत होता. सुखरामनं सारी नोकरी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत डंपर चालवण्यात घालवली. पोरगा तिथल्या कॉलनीत वाढला, नागपूरला शिकला, खाणीचा इंजिनियर झाला आणि शेवटी दक्षिण अमेरिकेतल्या एका मोठ्या तांब्याच्या खाणीवर गेला. कॅम्पावरून शहरात येताना वाळवंटातल्या रस्त्यावर पहाटे एका ट्रकनं त्याची जीप उडवली. अजून चाळिशीही गाठली नव्हती.

देह इकडं आणायला कित्येक आठवडे लागतील असं तिकडून सांगण्यात आलं. सुखरामजवळ पासपोर्ट होता, पण व्हिसा नव्हता. त्याच्या बायकोचे, शेवंताबाईंचे, गुडघे गेलेले. त्यांना घरचा ओटा उतरतानाही कोणाचा तरी हात लागायचा. मग फोनवरच होकार द्यावा लागला. अग्नी तिकडेच दिला. शेवंताबाईंनी मुलाचं तोंड रीनाच्या मोबाइलवर पाहिलं. पाहिलं आणि मोबाइल पालथा घातला.

अस्थी मार्सेलाजवळ राहिल्या. मार्सेला तिथल्या शाळेत शिकवायची. धम्मपाल आणि ती बरीच वर्षं सोबत राहत होते. त्यानं घरी सांगितलं तेव्हापासून दर रविवारी फोनवर ती दिसायची. शेवंताबाई तिला आपली भाजी दाखवायच्या, ती आपली भाकरी दाखवायची, दोघी हसायच्या. सुखराम "नमस्कार" म्हणायचा आणि फोन बायकोच्या हाती द्यायचा. तिच्याबद्दल त्याच्या मनात राग नव्हता. फक्त लग्न न करता राहतात, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"कुरिअरनं पाठव म्हणा अस्थी," तो रीनाला म्हणाला.

रीना एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवायची. मार्सेलाशी तिचं इंग्रजीतच बोलणं व्हायचं. तिनं विचारलं. मार्सेला म्हणाली, "मी त्याला पार्सल करून पाठवणार नाही. मी स्वतः घेऊन येईन." पण येणार कशी? जगाच्या दुसऱ्या टोकावरून यायचं, आणि पगार शाळेतला. महिने असेच गेले. अस्थींचा डबा तिच्या कपाटात, आणि इकडं शेवंताबाईंचं कशातच मन लागेना.

मग एका रविवारी मार्सेलानंच मैलांचा विषय काढला.

मैलांचं सुखरामला ठाऊक होतं. धम्मपाल कामासाठी सारखा उडायचा; कधी पेरू, कधी कॅनडा. शक्यतो एकाच विमान कंपनीनं जायचा, आणि तिचं सोनेरी कार्ड त्याच्याजवळ होतं. मागच्या वेळी घरी आला तेव्हा त्यानं ते बापाच्या हातात दिलं होतं.

"एकाच कंपनीचं कार्ड आहे, बाबा, पण जगातल्या वीस-पंचवीस कंपन्या याले मानतात. त्याइची आपसात दोस्ती आहे. कोणाच्याबी विमानानं जा, लाइनीत उभं राह्यचं काम नाही. बसाले वेगळी खोली, जेवण, चहा."

"पैसे कोण देते त्याचे?"

"कोणीच नाही. मी जेवढा उडलो तेवढे मैल जमा होतात. ते देऊन पुढचं तिकीट भेटते. दोस्तीतल्या कोणत्याबी कंपनीचं."

"म्हणजे माह्या डंपरच्या मीटरसारखं."

"हौ. फक्त तुमच्या मीटरचं तुमाले कोणी काही देल्लं नाही." धम्मपाल हसला होता. "तुमाले नेतो एकडाव. समोरच्या महाग सीटवर झोपून या. मलाजखंडसारख्या किती खाणी मावतीन अशी खाण दाखवतो."

पासपोर्ट त्यानंच काढून दिला होता. सुखराम मात्र दर वेळी पुढं ढकलायचा. भात कापून होऊ दे, रीनाचं पाहू, ऊन उतरू दे.

खातं अजून चालू आहे, मैल पडून आहेत, असं मार्सेला म्हणाली. तिचं नाव कुठंच नव्हतं, त्यामुळे कंपनी तिच्याशी बोलायला तयार नव्हती. पण मैल वारसांना देता येतात, असा त्या कंपनीचा नियम होता, आणि वारस म्हणजे आई-बाप. खात्याचा नंबर मार्सेलाला माहीत, हक्क बालाघाटच्या माणसांचा. रीनानं शाळा सुटल्यावर कंपनीला फोन करायला सुरुवात केली. फोन कधी लागायचा, कधी तासभर गाणं वाजून तुटायचा. कागद पाठवले, पुन्हा पाठवले. शेवटी एका मुलीनं नीट ऐकून घेतलं, दुःख झालं म्हणाली, आणि मैल सुखरामच्या नावावर केले.

"आन् कार्ड?" शेवंताबाईंनी विचारलं.

"कार्ड बंद झालं, माय. दादाले जो मान भेटे तो आपल्याले नाही भेटत. मैल तेवढे भेटले."

"मान त्याचाच होता," शेवंताबाई म्हणाल्या.

मैलांत एका माणसाचं जाणं-येणं होत होतं, दोघांचं नाही. त्या कंपनीचं विमान भारतात येत नव्हतं. पण दोस्तीतल्या कंपन्यांची विमानं जोडून एकच तिकीट निघत होतं. पहिलं विमान एका कंपनीचं, युरोपपर्यंत दुसरीचं, दिल्लीपर्यंत तिसरीचं, आणि नागपूरलाही त्यांच्यातलीच एक यायची.

"मी जातो," सुखराम म्हणाला. "अस्थी घेऊन येतो. खाणबी पाह्यतो. त्याची इच्छा होती."

त्याला कोणी नाही म्हटलं नाही. रीनानं व्हिसाची माहिती काढली. सुखरामनं गोंदियाहून गरम कोट आणला. तिकडं पहाटे थंडी असते, हे धम्मपालनं सांगितलेलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो कोणत्यातरी कामाला लागला होता. एका सकाळी तांदूळ निवडता निवडता शेवंताबाईंनी ताट बाजूला सारलं.

"तुमी जासान, याल. मले येऊन काय सांगसान?"

"जे पाह्यलं ते सांगीन."

"तुमी खाण पाहून याल. मले त्या पोरीले पाह्यचं आहे. त्याले शेवटी तिनं पाह्यलं. तिनं त्याचे कपडे घडी करून ठेवले. मले तिच्याजवळ बसायचं आहे."

"तिची भाषा समजते तुले?"

"नाही समजत. तरी."

"मंग माह्यं काय? मले जायचं नाही काय पोराच्या जागी?"

"तुमाले जायचं आहे, मले मालूम आहे," शेवंताबाई म्हणाल्या. "मले तर कुठीच जाता येत नाही."

सुखराम उठून बाहेर गेला. बसस्टँडवर जाऊन बसला. बैहरची बस भरली, सुटली; गोंदियाची लागली. दुपारी जेवायला आला नाही. संध्याकाळी रीना शाळेतून आली तेव्हा तो ओट्यावर होता.

"मार्सेलाच्या नावानं काढ तिकीट. तिलेच येऊ दे इकडं," तो म्हणाला.

"बाबा, पक्कं?"

"काढ म्हनलं ना."

तिकीट काढणं सोपं नव्हतं. दुसऱ्या कंपन्या मैलांवर फार थोड्या जागा सोडायच्या. एका विमानात जागा मिळाली की पुढच्यात नसायची. रीना रोज पाहत राहिली. तिकडं जानेवारीत उन्हाळा असतो; मार्सेलाच्या शाळेला सुट्टी होती. तेव्हा कुठं चारही जागा एका ओळीत जुळल्या.

पहिलंच विमान उशिरा सुटलं आणि युरोपला जाणारं पुढचं चुकलं. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असल्यामुळे कंपनीनं मार्सेलाला दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसवलं. तिथल्या विमानतळावरून तिनं फोन केला. तिच्या मागं माणसांची वर्दळ होती. "इथं आम्ही दोघं आलो होतो," ती रीनाला म्हणाली. "त्याच्या कार्डावर मी पाहुणी म्हणून त्या खोलीत जायचे. आज सवयीनं दारापर्यंत गेले. मग बाहेर बाकावर येऊन बसले." अस्थींची पिशवी तिनं मांडीवर धरली होती. रीनानं हे आईला सांगितलं. शेवंताबाई म्हणाल्या, "तिले म्हणा, काही खाऊन घे."

सुखराम आणि रीना शेजारच्या हेमराजची गाडी घेऊन नागपूरला गेले. मार्सेला फोनवर दिसायची त्याहून बुटकी होती. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. पिशवी तिनं छातीशी धरली होती. सुखराम पुढं झाला, नमस्कार करायला हात जोडले, आणि मग तेच हात पुढं पसरले. तिनं पिशवी त्याच्या हातांवर ठेवली. बालाघाट येईपर्यंत त्यानं ती मांडीवरून खाली ठेवली नाही. तुमसर गेलं, वारासिवनी गेलं.

शेवंताबाई रीनाच्या मैत्रिणीचा हात धरून ओट्याखाली उतरून उभ्या होत्या. त्यांनी आधी पिशवीकडे पाहिलं नाही. मार्सेलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला. मार्सेला म्हणाली, "माय." हा शब्द तिला धम्मपालनं शिकवला होता.

डबा बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोसमोर ठेवला. दुसऱ्या दिवशी विहारातले भंतेजी यायचे होते, मग वैनगंगेवर जायचं होतं. सकाळी मार्सेलानं रीनाला बाजूला घेतलं. रीना बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"बाबा, ती म्हणते, डब्यात अर्ध्याच अस्थी आहेत. अर्ध्या तिनं तिकडे एका टेकडीवर पुरल्या. अगोदर सांगाले पाह्यजे होतं म्हणते, पण फोनवर हिंमत नाही झाली."

"अर्ध्या?" सुखरामचा आवाज चढला. "माह्या पोराचं अर्धं? कोणाले विचारून?"

मार्सेलाला शब्द कळले नाहीत, सूर कळला. ती दारात आली आणि हळूहळू बोलली. रीनानं सांगितलं, "ती म्हणते, तिलेबी कुठी तरी जाऊन बसाले जागा पाह्यजे होती."

सुखराम ओट्यावर जाऊन बसला. वॉर्डातली माणसं यायला लागली होती. शेवंताबाई भिंत धरत धरत त्याच्यामागं आल्या.

"तिनं आन् म्या वाटून घेतला त्याले," त्या हळूच म्हणाल्या. "असं समजा. आता लोकाइसमोर काही बोलू नका."

थोड्या वेळानं तो आत आला आणि मार्सेलासमोर खुर्ची ओढून बसला.

"विचार तिले, त्या टेकडीवरून खाण दिसते काय."

"दिसते," मार्सेला म्हणाली. "आधी धूळ दिसते. मग वळणावर डंपर वर येताना दिसतात. तिथून मुंगीएवढे."

"भरलेले का रिकामे?"

रीनानं विचारलं. मार्सेला म्हणाली, "वर येतात ते भरलेले असतात. सावकाश येतात."

सुखरामनं मान हलवली. "हौ. सावकाशच याव लागते."

त्रिशरण-पंचशील झालं. वैनगंगेला पाणी कमी होतं. सुखराम आणि मार्सेला चपला काढून गुडघाभर पाण्यात गेले. डबा दोघांनी मिळून रिकामा केला. काठावर खुर्चीत बसलेल्या शेवंताबाई पाण्याकडे पाहत होत्या. त्या रडल्या त्या नंतर, घरी, मार्सेलाच्या खांद्यावर डोकं ठेवून. आणि तिनंही त्यांना गप्प करायचा प्रयत्न केला नाही.

ती जायच्या आधी सुखरामनं पुन्हा हेमराजची गाडी सांगितली आणि रीनाला सोबत घेऊन तिला मलाजखंडला नेलं. खाणीत बाहेरच्या माणसाला जाऊ देत नव्हते. त्यानं तिला खाणीतून काढलेल्या दगडांचे डोंगर दुरूनच दाखवले, डंपरचा रस्ता कसा गोल फिरत खाली जातो ते हातानं काढून दाखवलं. कॉलनीतल्या जुन्या क्वार्टरमध्ये आता दुसरं कुटुंब होतं. त्या घरच्या बाईनं काही न विचारता सगळ्यांना आत बोलावलं, चहा दिला. मार्सेला अंगणात उभी राहून भिंतीकडे, नळाकडे, शेजारच्या शाळेच्या मैदानाकडे पाहत राहिली. तिथंच सुखरामला एकदम रडू कोसळलं. इतक्या महिन्यांत तो रडला नव्हता. रीना घाबरली. मार्सेला त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, एवढंच.

परतताना बैहरच्या जंगलात तिनं विचारलं, धम्मपाल लहानपणी कसा होता. सुखराम सांगायला लागला. ताप असताना शाळेत पळून गेला होता तो दिवस, तळ्यात बुडता बुडता वाचला ती गोष्ट, पहिल्यांदा डंपरच्या केबिनमध्ये बसवलं तेव्हा हॉर्न सोडायलाच तयार नव्हता. रीना एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होती. मग तिला पुढं सांगता येईना, आणि ती खिडकीबाहेर पाहायला लागली. सुखराम थांबला नाही. तो आपल्या बोलीत सांगत राहिला, आणि मार्सेला त्याच्याकडे तोंड करून बालाघाट येईपर्यंत ऐकत राहिली.