सगळ्यात पुढे सासूबाई

आमच्या वाटाड्याचा एकच नियम होता: जो सगळ्यात हळू चालतो त्याने पुढे राहायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागून. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरवाटेवर पहिल्याच सकाळी त्याने सासूबाईंना पुढे केलं. पुढे का केलं ते त्यांना कुणी सांगितलंच नाही, मग काय विचारता! आपणच सगळ्यात चपळ, असा त्यांचा समज झाला. "सूनबाई, रेंगाळू नकोस," असं त्या मलाच दटावायच्या. मी दातओठ खात गोगलगायीच्या चालीने मागून जायचे.

शेवटच्या चढावर मात्र त्या खरंच झपाझप निघाल्या. वाटाड्या खूश होऊन म्हणाला, "आजी, आता तुम्ही मागून चाललात तरी चालेल. पुढे फक्त हळू चालणारेच लागतात."

सासूबाई थबकल्या. माझ्याकडे पाहिलं. मग लंगडत दोन पावलं टाकून त्यांनी हुकूम सोडला, "चला, माझ्या मागे!"