उजवीकडून कोण येतं

इरुपेचा श्वास लांब झाला की इताती मनात वीस मोजायची. वीसच्या आत पोर चुळबुळली तर पुन्हा थोपटणं. नाही चुळबुळली, तर हात हळूच काढून घ्यायचा आणि पलंगाला खेटून ठेवलेल्या टेबलाकडे सरकायचं. अर्जेंटिनातल्या नदीकाठच्या गोया गावात दुपारी एक ते चार कुत्रंसुद्धा भुंकत नाही. शटरं खाली, खिडक्या बंद, नवरे पालथे. साऱ्या गावाची झोप तीच इतातीची कामाची पाळी. पोटात इरुपे होती तेव्हा तिने कॉम्प्युटरवरचा खेळ बनवायला घेतला आणि पोर नऊ महिन्यांची झाली तेव्हा तो पुरा केला, सगळा याच तीन तासांच्या तुकड्यांत.

आज गुरुवार, आणि आज काम होत नव्हतं. खेळ बाजारात येऊन दहा दिवस झाले होते. दहा दिवस ती लोकांची मतं वाचत होती. लंगोट बदलताना, मक्याची पेज ढवळताना, न्हाणीघराचं दार लावून. फोन खाली ठेवायची आणि हात आपोआप पुन्हा त्याच्याकडे जायचा, जसा दात येणाऱ्या पोराचा तोंडाकडे जातो.

खेळाचं नाव ‘सिएस्टा’, म्हणजे दुपारची झोप. दुपारी सगळे झोपलेत आणि एक पोरगी घरातून निसटलीय. तिच्याच डोळ्यांनी बघत तुम्ही अंगण, गोठा, संत्र्याची बाग ओलांडायची. हातात गलोल, पुढे आजोबांची दुनळी बंदूक. आणि वाटेत ते सगळे, ज्यांची भीती घालून गोयातल्या आया पोरांना दुपारी निजवतात. त्यातला सगळ्यात वाईट म्हणजे दुपारचा म्हातारा. चित्रं जाड जाड चौकोनी ठिपक्यांची, इताती बारा वर्षांची असताना मामाच्या सायबर कॅफेत मामेभावांशी भांडत खेळायची, तशीच.

तिने पान खाली सरकवलं.

“डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी असलेच चौकोनी राक्षस मारायचो. आवडला.”

“दुनळी मिळाली तरी मी गलोलच वापरली. आवडला.”

“ठिपके एवढे जाड की राक्षस कुठला आणि कपाट कुठलं कळेना. दोनदा कपाटाला मारलं. तरी आवडला.”

इथवर इताती हसली. पुढे मात्र नेहमीचंच.

“म्हाताऱ्याने उजवीकडून मारलं. परत उजवीकडून मारलं. नाही आवडला.”

“अन्याय आहे हा. नाही आवडला.”

आणि सगळ्यांच्या वर, दोनशे चौदा लोकांनी ‘उपयोगी’ म्हटलेलं, चिलीतल्या ‘काळं गाढव’ नाव घेतलेल्या कुणाचं: “डावीकडून माशी आली तरी ऐकू येते. उजवीकडून राक्षस येतो आणि चूं नाही. सहा वेळा मेलो. बनवणारा बहिरा आहे का?”

बहिरा! तो शब्द दहा दिवस तिच्या पायात काट्यासारखा मोडून बसला होता. आवाज तर तिची सगळ्यात जिवाची गोष्ट. दाराची कडी, कोंबड्यांची कुरकुर, पाण्याचा पंप, सगळं तिने याच घरात रेकॉर्ड केलेलं. बरं, या गाढवाला वेडं म्हणावं तर दुसरीकडे मेक्सिकोतला कुणी लिहीत होता, “उजवीकडची ती शांतता! मरण बोलून येत नाही, हे या कलाकाराला कळलंय.” त्याच्याखाली तिघांनी उजवी बाजू ही मृतांची बाजू असते यावर निबंध लिहिले होते. इतातीने असलं काहीच ठरवलेलं नव्हतं. तिच्या कोडमध्ये म्हातारा दोन्ही बाजूंनी सारखाच पाय आपटत यायचा. तिने स्वतः शंभरदा ऐकला होता.

पानावर ‘आवडला’ म्हणणाऱ्यांचा आकडा होता: शंभरात चौसष्ट.

हवे होते सत्तर. तसं नवऱ्याशी, लाउतारोशी, ठरलं होतं. मासेमारीच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा साधा, सरळ माणूस. म्हणाला होता, “बघ गं, औषधाच्या दुकानातली तुझी जागा त्यांनी सोमवारपर्यंत राखून ठेवलीय. रविवारी दहातल्या सात जणांना खेळ आवडलेला असला तर तू अजून वर्षभर हेच कर, मी एक शब्द बोलणार नाही. नसला तर सोमवारी काउंटरवर.” ठीक म्हणाली होती ती. दुकान म्हणजे सकाळी आठ ते एक आणि संध्याकाळी चार ते नऊ. मधली दुपार मोकळी, पण मग त्या दुपारी तीही इतरांसारखी पालथी पडणार, हे तिला ठाऊक होतं. दुसरा खेळ डोक्यातच राहणार.

शुक्रवारी सकाळी दोन्या नेलिदा आल्या. लाउतारोची आई; सारं गाव त्यांना मानाने दोन्या म्हणायचं. हातात फडक्यात बांधलेले गरम चिपा, म्हणजे चीजचे छोटे पाव, बगलेत तेरेरे या गार पानांच्या चहाचा थर्मास. नातीला उचलून घेतलं, सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “काय गं, रात्री चेटकिणीने चोखली का तुला?”

“नाही हो, दोन्या नेलिदा. लोकं शिव्या घालतायत.”

“कुठली लोकं?”

“चिलीची. पेरूची. सगळीकडची.”

“आणि तू ऐकून घेतेस? वाच मला. मीही बघते कोण आहेत ते.”

इतातीने वाचून दाखवलं. दोन्या नेलिदा रेडिओवर मयतीच्या बातम्या ऐकाव्यात तशा मान हलवत ऐकत होत्या. काळ्या गाढवाचं मत झाल्यावर त्यांनी चिपाचा तुकडा मोडला. “गाढव आहे हे त्याने स्वतःच कबूल केलंय. पण दोनशे माणसं हो म्हणतात तेव्हा काहीतरी असतं, पोरी. माझ्या पुचेरोच्या रश्श्यात मीठ कमी आहे असं एकाने म्हटलं तर त्याची जीभ वाईट. सगळं टेबल म्हणालं तर चूक माझी. आण ते इकडे. मला खेळव.”

“तुम्ही?”

“का, मला हात नाहीत?”

इतातीने त्यांना लॅपटॉपपुढे बसवलं, इरुपेला कडेवर घेतलं. दोन्या नेलिदांनी इअरफोनची वायर उचलली, दोन्ही बोंडं नीट पुसली आणि एकेक करून दोन्ही कानांत घातली. पहिल्याच अंगणात त्या भिंतीला धडकत राहिल्या. “हे दार कुठंय? अगं, हा माठ का मला अडवतो?” मग कोंबड्यांना गलोल मारली. इताती खळखळून हसायला लागली, दहा दिवसांत पहिल्यांदा. मग गोठ्याशी त्या एकदम थांबल्या.

“हे कोण घोरतंय?”

“राक्षस. झोपलाय. आवाज केलात तर उठेल.”

दोन्या नेलिदांनी डोळे मिटले, कान देऊन ऐकलं आणि टेबलावर हात आपटला. “राक्षस कसला! हा तर माझा लाउतारो!”

इतातीचे कान लाल झाले. खरंच होतं ते. म्हाताऱ्याचं घोरणं, त्याचं फुसफुसत चालत येणं, सगळं तिने दुपारी झोपलेल्या नवऱ्याच्या नाकाशी फोन धरून घेतलं होतं. “सांगू नका हो त्याला.”

“बत्तीस वर्षं ऐकतेय हे, मला फसवतेस? बापाचंही अस्संच.” मग त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, एक बोंड काढलं, पुन्हा घातलं. “पण हा एकाच कानात का घोरतो गं? इकडे तोंड केलं तरी डाव्या कानात, तिकडे केलं तरी डाव्या कानात. उजवा कान माझा मोकळाच.”

“नाही, दोन्हीकडे आहे तो.”

“मी म्हातारी आहे, बहिरी नाही. घालून बघ.”

इतातीने पोर त्यांच्याकडे दिली, बोंडं घेतली. डावं कानात गेलं. उजवं घालायला हात वर गेला आणि तिथेच थबकला. त्या कानाला ती सवयच नव्हती. नऊ महिने तिने उजवं बोंड कधी कानात घातलंच नव्हतं. पलंग उजव्या हाताला, पलंगावर इरुपे, आणि उजवा कान तिच्यासाठी मोकळा. पोर कण्हली, कूस बदलली, नाक चोंदलं, तर कळायला नको?

तिने ते घातलं आणि खेळातल्या पोरीला संत्र्याच्या बागेत नेलं. म्हातारा संत्र्याच्या झाडामागून उजवीकडून आला. डाव्या कानात पानं सळसळली. उजव्या कानात काहीच नाही. पडदा लाल झाला. मेली.

आता तिला सगळं लख्ख दिसलं. काम करताना उजवीकडचे आवाज तिला ऐकू यायचेच नाहीत. तिला वाटायचं, बसले नाहीत नीट. मग ती ते ओढायची, अजून थोडे ओढायची, ऐकू येईपर्यंत डावीकडे. पाऊल न पाऊल, श्वास न श्वास.

“बहिरीच आहे मी,” ती म्हणाली आणि खाली बसली.

दुपारच्या जेवणाला लाउतारो आला. हात अजून तेलकट. सगळं ऐकून घेतलं त्याने, घोरण्याचं सोडून; तेवढं आईने गिळलं. मग म्हणाला, “मग त्यात रडण्यासारखं काय? अर्धी माणसं त्याचीच तर तारीफ करतायत. सांगून टाक, मुद्दामच केलं म्हणून. मरण बोलून येत नाही, वगैरे. तो मेक्सिकोवाला खूश.”

“मी मुद्दाम नाही केलं.”

“कुणाला कळणार आहे?”

“होडीचं इंजिन एका बाजूने फुटलं, तर गिऱ्हाइकाला सांगशील का मुद्दाम फोडलं म्हणून?”

लाउतारोने काटा खाली ठेवला. “ते वेगळं. त्यात माणूस बुडतो.”

“इथेही बुडतायत. सहा सहा वेळा.”

“नीट केलंस आणि आवडला म्हणणारे उलटले तर? दोनच दिवस आहेत, इताती.”

“ठाऊक आहे.”

दोन्या नेलिदा नातीला भोपळा भरवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “खा रे तू. गार होतंय.”

त्या दुपारी इरुपे झोपली, वीस मोजून झाले, आणि इताती टेबलाशी बसली. हे काम दोन्ही कानांशिवाय होणारच नव्हतं. तिने डावं घातलं. उजवं घातलं. आणि सगळं घर एकदम नाहीसं झालं. पंखा नाही, लाउतारो नाही, पोर नाही. तिने बोंड उपटून काढलं, पलंगाकडे पाहिलं. पोर मजेत. पुन्हा घातलं. पुन्हा काढलं. असं चार वेळा झालं. काम इवलंसंही पुढे सरकेना.

मग तिने उजवा हात लांब केला आणि तळवा इरुपेच्या पोटावर ठेवला. वर, खाली. वर, खाली. जे कानाला कळायचं ते तळव्याला कळू लागलं. एका डाव्या हाताने, कीबोर्डवर बोटं शोधत शोधत, तिने म्हाताऱ्याचं एकेक पाऊल उचलून त्याच्या जागी नेऊन ठेवलं. शुक्रवारची दुपार गेली. शनिवारची गेली. शनिवारी चारला शटरं वर जायला लागली तेव्हा तिने दुरुस्ती बाहेर सोडली, आणि काळ्या गाढवाच्या मताखाली लिहिलं:

“बहिरी नाही. हा खेळ मी मुलगी झोपलेली असताना केला, उजवा कान तिच्याकडे ठेवून. त्यामुळे उजवी बाजू चुकली. आता दुरुस्त केलीय. सहा मरणांबद्दल माफ करा.”

मग ती इरुपेला घेऊन नदीच्या काठाने दोन चकरा मारून आली. फोन मुद्दाम घरी ठेवला. परत येताना चालत नव्हती, जवळजवळ पळतच होती.

रात्रीपर्यंत आकडा सदुसष्टवर चढला. सकाळी पासष्ट. मेक्सिकोवाला रुसला होता: “शांतता मारून टाकलीत. मत बदलतो. नाही आवडला.” निबंधवाल्यांपैकी दोघे त्याच्यामागे गेले. सकाळभर इताती या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. कपडे वाळत घातले, काढले, पुन्हा घातले. दोन्या नेलिदांनी तिच्या हातातला चिमटा काढून घेतला. “बस गं बाई. दोरी झिजेल.”

रविवारी दुपारी लाउतारो झोपायला गेलाच नाही. टेबलाशी खुर्ची ओढून त्याने पान उघडलं. “एकोणसत्तर,” तो हळू आवाजात म्हणाला. “सत्तर नाहीत.”

इरुपे झोपेत ओठ चोखत होती. इताती तिच्याकडेच पाहत राहिली. “नाहीत.”

“माझं मत अजून कुठे धरलंय? मी देतो एक.”

“घरचं धरायचं नाही.”

“बरं, नको धरूस. पण एकदा खेळू तर दे. मी अजून बघितलाच नाही. दुपारी तू हे करायचीस तेव्हा मी...” त्याने घोरण्याची नक्कल केली. इतातीने तोंडावर हात दाबला.

त्याने दोन्ही बोंडं घातली. खेळायला आईपेक्षाही वाईट. माठाला तीनदा धडकला. गोठ्याशी थबकला, भुवया आकसल्या. इंजिन ऐकताना करतो तशी मान तिरकी केली. ऐकतच राहिला. मग सावकाश वळून बायकोकडे पाहिलं.

“हा मी आहे.”

तिने मान डोलावली.

“मी असा घोरतो? आणि तू काही बोलली नाहीस?” कान बंद असल्याने तो जरा मोठ्यानेच बोलत होता. तिने ओठांवर बोट ठेवलं. तो पुन्हा पडद्याकडे वळला, संत्र्याच्या बागेत शिरला. एकाएकी त्याचा उजवा खांदा आक्रसला. तो वळला, गलोल ताणली, सोडली. म्हातारा ठिपक्या-ठिपक्यांनी ढासळला.

लाउतारोने बोंडं काढली. कपाळावर घाम होता. “उजवीकडून आला,” तो कुजबुजला. “मला कळलं. दिसायच्या आधी कळलं, इताती, म्हणून वळलो.”

त्याने पान पुन्हा उघडलं. आकडा तोच. पण काळ्या गाढवाने आपलं मत खोडून नवं लिहिलं होतं.

“आता ऐकू येतो,” लाउतारोने वाचलं. “आता जास्त भीती वाटते, कारण तो येतोय हे कळतं. तरी दोनदा मेलो, पण ते माझ्या चुकीने. मला दोन लेकरं आहेत, खेळत नसतो तेव्हा माझाही एक कान त्यांच्याकडेच असतो. म्हणजे आम्ही दोघंही तेवढेच बहिरे. आवडला.”

आकडा हलला नाही. एकोणसत्तरच.

लाउतारो खुर्चीत मागे रेलला. “त्यांना तू सांगतेस की मी?”

“काय?”

“दुकानवाल्यांना. उद्या येत नाहीस म्हणून.”

“सत्तर नाही झाले, लाउतारो.”

“मोजायला येतं मला.” त्याने बूट काढले, पलंगाच्या पलीकडच्या कडेला आडवा झाला. “तो आकडा मी ठरवला तेव्हा खेळ बघितला नव्हता.”

इतातीचा उजवा हात इरुपेच्या पोटावर होता, म्हणून तिने डाव्याच हाताने फोन उचलला आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं: “जागा राखून ठेवलीत, फार आभार. मी येत नाही.” पाठवलं. फोन उशीखाली सारला. पलीकडे नवरा घोरायला लागला होता. तिने दोन्ही बोंडं कानात घातली आणि दुसऱ्या खेळासाठी नवं पान उघडलं.