वसतिगृहात बाहेरची बाई

दुपारची खिचडी मुलींना वाढून सीमा बागूल नुकती खुर्चीत टेकली होती, तोच फाटक वाजलं. सातपुड्यातल्या त्या आश्रमशाळेत ती इतिहास शिकवायची, आणि मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिकाही तीच. फाटकाबाहेर नववीतल्या रविनाची आई, धनुबाई, अनवाणी उभी होती. कपाळ फुटलेलं, लुगडं रक्तानं चिकटलेलं.

“मॅडम, मी पोर खाल्लं म्हणतात,” ती म्हणाली. “त्याची नाळ मीच कापली होती.”

पाड्यावरचं एक मूल तापानं गेलं होतं. दवाखाना आठ किलोमीटरवर, भगत मात्र दारात. त्यानं घरटी चिमूटभर तांदूळ पुडीत बांधून मागवले, दाणे सुपात टाकून पाहिले आणि धनुबाईच्या पुडीवर बोट ठेवलं. डाकीण हीच! संताप येतो तो याचा, की ती पुडी धनुबाईनं स्वतःच बांधून दिली होती. भगत खरं सांगेल, आपण सुटू, असा तिचा भाबडा विश्वास. तिच्या वाट्याच्या शेतावर डोळा ठेवून बसलेला दीर फत्तेसिंग सगळ्यांत मोठ्यानं ओरडला, यात नवल ते काय?

सीमानं तिला आत घेतलं, जखम धुतली आणि फोन लावायला सुरुवात केली. पोलीस म्हणाले, “लेखी पाठवा, गाडी बाहेर गेलीय.” तहसिलीतून उत्तर आलं, “हा समाजाचा प्रश्न, पंच मिटवतील.” वरच्या कार्यालयातले साहेब तर तिच्यावरच घसरले. “मुलींच्या वसतिगृहात बाहेरची बाई? तासाभरात काढा. हा आदेश समजा.”

“सर, मारतील तिला.”

“ते तुमचं काम नाही.”

मग कुणाचं? सीमाचं डोकं सणकलं. सकाळीच तिनं नववीला शिकवलं होतं: नाझींपासून जीव घेऊन पळणाऱ्या ज्यूंना व्हिसा देऊ नका, असा स्वतःच्याच सरकारचा हुकूम असताना वकिलातीतल्या एका अधिकाऱ्यानं दिवसदिवस बसून सह्या केल्या आणि नोकरी गमावली. “त्याला भीती नाही वाटली?” असं रविनानं विचारलं होतं. “वाटली असेल,” म्हणून सीमा फळा पुसून मोकळी झाली होती. दुसऱ्याचं धाडस शिकवायला काय जातं!

एवढ्यात जीप आली. फत्तेसिंग आणि तिघं उतरले. चौकीदार भटू धावत आला. “ताई, काढी द्या तिले बाहेर. साहेबनी सांगं ना! मन्ही बी नोकरी जाई.”

“फाटकले कुलूप लाव, भटूदादा. किल्ली मन्हाकडे दे. जाई ते मन्ही जाई.”

ती नोंदवही घेऊन फाटकाशी गेली.

“आमच्या घरची बाई आहे, मॅडम. आम्ही नेणार,” फत्तेसिंग गजांमधून म्हणाला.

“घरची ना? मग डोकं कुणी फोडलं तिचं?”

त्याच्यासमोरच तिनं लिहिलं: धनुबाई, जिवाला धोका, आदेशाविरुद्ध माझ्या जबाबदारीवर ठेवली. खाली सही ठोकली. त्या पानाचा आणि फाटकावरच्या चौघांचा फोटो पोलिसांना पाठवला. लेखी हवं होतं ना, घ्या! गाडी यायला तीन तास लागले. तोवर ती जागची हलली नाही.

आठवड्यानं टपाल आलं. भगताला नाही, फत्तेसिंगला नाही, सीमाला. बाहेरील व्यक्तीस वसतिगृहात का ठेवले, तीन दिवसांत खुलासा करा. पाड्यावर मात्र अजून कुणी कुणाला काही विचारलेलं नाही. धनुबाई नवापूरला बहिणीकडे आहे, आणि तिच्या शेतात दिराचे बैल चालताहेत.

सीमानं खुलासा लिहायला घेतला. आधी दोन पानं नियम, कलमं, विनंत्या लिहिल्या. मग ती फाडली आणि नव्या कागदावर एवढंच लिहिलं:

“धनुबाई जिवंत आहेत. पुन्हा आल्या, तर पुन्हा ठेवीन.”